एकरी पाच लाख लिटर पाणी गेलं कुठं? एकाच गावातल्या दोन काळ्या वावरांचे आकडे (दर्यापूर तालुका)

नाल्याकाठ (प्रश्न)

राम राम मंडळी. जरा लांबेल, पण आकडे सगळे मांडल्याशिवाय माझा प्रश्न कळणार नाही.

आमची सात एकर काळी आहे, दोन तुकड्यांत. चार एकर नाल्याला लागून, तीन एकर गावाकडं. मधलं अंतर पाऊण किलोमीटर. गावाकडचं वावर नाल्याकाठच्यापेक्षा उंच आहे, पण पुरुषभरही नसेल. नजरेला दोन्ही सारखीच. उन्हाळ्यात दोन्हींत कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. बियाणं एक, पेरणी त्याच आठवड्यात, खत एकाच गाडीतलं. तरी गावाकडची पऱ्हाटी (कपाशी) दरवर्षी दिवाळीच्या आत मान टाकते. पाती गळतात, वरची बोंडं कवडीएवढी राहून तडकतात, दोन वेच्यांत उलंगवाडी, म्हणजे हंगाम संपला. नाल्याकाठी डिसेंबरभर वेचणी चालते.

माझे वडील म्हणायचे, ती जमीन उपाशी आहे. म्हणून वीस वर्षं घरचं शेणखत आधी तिकडं जायचं. फरक पडला नाही, आणि त्याची खंत त्यांना शेवटपर्यंत होती.

मृदा आरोग्य पत्रिका दोन्ही वावरांच्या आहेत. त्यावर बारा गोष्टी असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. दोन्ही पत्रिका शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी वाटतात. सामू ८.२ आणि ८.५, क्षारता ०.३ आणि ०.४, जस्त दोन्हीकडं कमी. शिफारसही तीच.

पुतणी कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणाली, काका, वरच्या वीतभर मातीवरून हे उमगणार नाही. मे महिन्यात दोन्हीकडं मीटरभर खोल खड्डे घेतले आणि चार-चार थरांचे नमुने काढले. पहिल्यांदा ज्या खासगी प्रयोगशाळेत दिले तिथं चारही पिशव्या एकत्र करून एकच अहवाल दिला. पैसे गेले, मे गेला. पुन्हा खड्डे उकरून दुसरीकडून करून घेतलं. ते आकडे असे:

नाल्याकाठ: चिकणमाती ५८ टक्के, चुनखडी ७ टक्के. विनिमययोग्य सोडियमची टक्केवारी (ईएसपी, म्हणजे मातीच्या कणांवर जे बसलेलं असतं त्यात सोडियमचा वाटा) वरून खाली १.५, २, २.५, ३. पाणी झिरपण्याचा वेग वरच्या थरात ताशी १५ मिलिमीटर, तळच्या थरात ११.

गावाकडं: चिकणमाती ६१, चुनखडी १४. ईएसपी वरून खाली ६.५, ९, १२, १६. झिरपण्याचा वेग वर ताशी ४ मिलिमीटर, साठ सेंटिमीटरच्या खाली ०.४. तळच्या थराचा सामू ९.

पाणी धरण्याचे आकडेही काढले. फील्ड कॅपॅसिटी (निथळल्यावर माती जेवढं पाणी धरून ठेवते ते) नाल्याकाठी ३६ टक्के, विल्टिंग पॉइंट (ज्याच्या खाली पीक सुकतं ते) २१. गावाकडं ४२ आणि २६. म्हणजे पिकाला मिळणारं पाणी एकीकडं १५ टक्के, दुसरीकडं १६. घनता अनुक्रमे १.४ आणि १.५ धरली तर मीटरभर मातीत नाल्याकाठी २१० मिलिमीटर मावतं आणि गावाकडं २४०. कागदावर गावाकडचं वावर सरस!

आता पावसाचा हिशोब. माझ्याकडं प्लॅस्टिकचं पर्जन्यमापक आहे, रोज सकाळी साडेआठला वाचतो. जून ११८, जुलै २६२, ऑगस्ट १७१, सप्टेंबर १३९. एकूण ६९० मिलिमीटर. पिकानं सप्टेंबरअखेर ३५० घेतले म्हणू. उरलेल्या ३४० मध्ये दोन्ही वावरं काठोकाठ भरायला हवी होती. शेवटचा पाऊस ३० सप्टेंबरला झाला. त्यानंतर वीस दिवस रोजचे साडेतीन मिलिमीटर, म्हणजे ७० गेले. २० ऑक्टोबरला नाल्याकाठी १४० आणि गावाकडं १७० शिल्लक असायला पाहिजे.

त्या दिवशी दोन्हीकडची माती पुन्हा उकरली, डब्यात बंद करून नेली, ओली वजन केली, १०५ अंशांच्या भट्टीत २४ तास वाळवून परत वजन केली. नाल्याकाठी पिकाला मिळण्याजोगं पाणी निघालं १४०, हिशोबाबरहुकूम. गावाकडं निघालं ४२. त्यातलं अर्धं वरच्या वीस सेंटिमीटरमध्ये. खालच्या चाळीस सेंटिमीटरमध्ये जेमतेम ६.

१२८ मिलिमीटर कमी. एकरी पाच लाख लिटरच्या वर पाणी. पिकानं प्यायलं असतं तर पीक उभं दिसलं असतं. गेलं कुठं?

वखर_डवरा

भाऊ, तुमचं वाचलं अन् माहं वावर डोयासमोर आलं. तेल्हाऱ्याकडं आमचं बी असंच हाये. झडी लागली का आठ-आठ दिवस वावरात पाय टाकता येत नाही, अन् उघाड पडली का पंधरा दिवसांत जमीन दगडावानी. वरून ओली दिसते, हातभर खाली कुदय मारली तं कोल्डी ढेकळं निंघते. मी बी लय वर्षं समजो का पाणी खोल गेलं असंन. खोल काऊन जाईन? पहिल्या दोन पाण्यांत भेगा गिळते तेवढंच. भेगा मिटल्या का दार लागलं. तुमच्या वडलाले शेणखताचं वाईट वाटून घ्याचं काम नोतं, त्यायनं वरची माती तरी धरून ठेवली.

माती_नमुना

नमस्कार. तीस वर्षं मातीच्या प्रयोगशाळेत काम केलं, आता निवृत्त आहे. असे नीट मांडलेले आकडे फार कमी पाहायला मिळतात. पुतणीचं कौतुक कराच.

तुमचं पाणी वावरातून गेलं नाही. ते वावरात शिरलंच नाही.

आधी त्या २४० मिलिमीटरचा उलगडा करतो, कारण घोळ तिथं आहे. फील्ड कॅपॅसिटी काढताना आम्ही माती वाळवतो, कुटतो, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढतो, छोट्या कड्यात भरून सच्छिद्र तबकडीवर रात्रभर भिजत ठेवतो. मग दाब देतो. त्या चमचाभर मातीला पाणी प्यायला सगळा वेळ मिळतो. शेतातल्या मातीला तो मिळत नाही. म्हणजे २४० हा आकडा खोटा नाही, पण तो रांजणाचं माप सांगतो. रांजणाचं तोंड केवढं, ते झिरपण्याच्या वेगात आहे, आणि तुमच्या रांजणाचं तोंड मिटलेलं आहे.

ते का मिटलं? आपली काळी माती बेसाल्ट खडकाची, फुगणाऱ्या चिकणमातीची. या चिकणमातीच्या कणांवर कॅल्शियम बसलेलं असेल तर कण गुच्छानं राहतात, मधून वाटा राहतात. सोडियम बसलं की पावसाच्या गोड्या पाण्यात कण सुटे होतात आणि त्या बारीक वाटांत जाऊन बसतात. तुमची क्षारता फक्त ०.४ आहे, म्हणून पत्रिकेला काही खटकलं नाही. पण क्षार कमी आणि सोडियम जास्त, हीच जोडी सगळ्यात वाईट. पाण्यात क्षार असते तर कण निदान एकमेकांना धरून राहिले असते.

तुम्ही म्हणाल, ईएसपी १५ च्या वर गेल्यावर जमीन चोपण (सोडियमनं बिघडलेली) धरतात, माझा वरचा थर तर ६.५ आहे. ती १५ ची रेषा अमेरिकेतल्या क्षारता प्रयोगशाळेच्या १९५४ च्या पुस्तिकेतून आली आणि सगळीकडं रूढ झाली. पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनींवर नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोतल्या शास्त्रज्ञांनी जे काम केलं, त्यात दिसलं की आपल्याकडं ईएसपी ५ च्या पुढंच पाणी झिरपणं ढासळतं. त्यांनी जमीन ओळखायला झिरपण्याच्या वेगावर भर दिला, आणि मला ते पटतं. वर्गीकरणात तुमचं गावाकडचं वावर 'सोडिक हॅप्लस्टर्ट' होईल, कारण मीटरभराच्या आत ईएसपी १५ ओलांडते. पण नावापेक्षा तुमचा तो ०.४ चा आकडा जास्त बोलतो.

आणि उंचीबद्दल. सगळे म्हणतात खोलगट जागा चोपण होते. पूर्णा खोऱ्यात उलटं सापडलेलं आहे: किंचित उंचवट्याच्या जागी सोडियम जास्त, खोलगटात कमी. उंचवट्यावरचं पाणी वाहून जातं, माती आतून धुतली जात नाही, कोरडी राहते. कोरड्यात कॅल्शियम चुनखडी होऊन खड्यांत अडकतं आणि कणांवर सोडियम-मॅग्नेशियमचा वाटा वाढतो. तुमची ७ आणि १४ टक्के चुनखडी हेच सांगते. चुना भरपूर आहे, पण बंद पेटीत.

तूर_हरभरा

गावाकडच्या वावराला कधी विहिरीचं किंवा बोअरचं पाणी दिलंय का? आमच्या भावकीत एकानं खारपाण पट्ट्यातल्या (जिथं जमिनीखालचं पाणी खारं आहे त्या भागातल्या) बोअरवर ठिबक केलं आणि तीन वर्षांत मातीचा लगदा झाला. नसेल दिलं तर देऊ नका, एवढंच सांगायचं होतं.

नाल्याकाठ

बोअर आहे, पाणी मचूळ. दोन वर्षं पऱ्हाटी सुकताना बघवलं नाही म्हणून दोन-दोन पाणी दिलं होतं. आता कळतंय काय केलं ते. बंद केलं.

माती_नमुना साहेब, तुमचं वाचून काल एक करून बघितलं. दोन काचेचे पेले घेतले, दोन्हींत साठवलेलं पावसाचं पाणी. एकात नाल्याकाठचं बोराएवढं वाळलेलं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात गावाकडचं. हलवलं नाही. नाल्याकाठचं दहा मिनिटांत ढासळलं, पण पाणी स्वच्छ, तळाशी रव्यासारखे दाणे. गावाकडच्या ढेकळाभोवती आधी धुरासारखी कड आली. तासाभरात ती कड पसरली, आणि संध्याकाळपर्यंत अख्खा पेला ताकासारखा. आज सकाळी, म्हणजे अठरा तासांनी, तसाच आहे. पलीकडचं बोट दिसत नाही. आईनं पाहिलं आणि म्हणाली, झडीत त्या वावराच्या धुऱ्यावरून (बांधावरून) असंच पाणी उतरतं.

मग गावाकडचंच दुसरं ढेकूळ बोअरच्या पाण्यात टाकलं. पाणी स्वच्छ राहिलं! हे कसं?

माती_नमुना

बोअरच्या पाण्यात क्षार आहेत, ते कणांना सुटू देत नाहीत. म्हणून ही परीक्षा नेहमी पावसाच्या किंवा बॅटरीच्या पाण्यातच करायची. खारपाण पट्ट्यात विहिरीच्या पाण्यात ढेकूळ टाकून "माझी माती चांगली आहे" म्हणणारे मी पाहिलेत. बोअरचं पाणी देताना जमीन बरी वाटते, सोडियम बसत जातो, आणि पहिल्या मोठ्या पावसात सगळं उलगडतं.

तुमच्या वहीत एका रात्रीत मोठा पाऊस पडल्याची नोंद आहे का?

नाल्याकाठ

आहे. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री ९४ मिलिमीटर, साधारण पाच तासांत.

माती_नमुना

तोवर भेगा मिटलेल्या. ताशी ४ नं पाच तासांत २० मिलिमीटर आत. बाकीचे सत्तरच्या वर त्या एका रात्रीत धुऱ्यावरून गेले किंवा सरीत साचून उन्हात उडाले. असे दोन पाऊस धरा, तुमचे १२८ भरून निघतात. यापुढं ताळेबंद मांडताना पावसाची बेरीज घेऊ नका. प्रत्येक पावसातलं आत किती शिरलं तेवढंच जमेला धरा.

आता उपाय. जिप्सम लागेल, त्यातलं कॅल्शियम कणांवरच्या सोडियमची जागा घेतं. वरच्या वीस सेंटिमीटरमधून शंभर ग्रॅम मातीमागं एक मिलिइक्विव्हॅलंट (प्रयोगशाळेतलं माप) सोडियम हटवायला एकरी साधारण एक टन शुद्ध जिप्सम लागतं. तुमच्या वरच्या थराची विनिमय क्षमता, म्हणजे कण कॅल्शियम-सोडियमसारखं एकूण किती धरू शकतात ते, त्याच मापात किती आहे?

नाल्याकाठ

५४.

माती_नमुना

त्याचे साडेसहा टक्के, म्हणजे सोडियम साडेतीन. ईएसपी २ वर आणायची तर अडीच काढावं लागेल. एकरी अडीच टन शुद्ध, बाजारचं जिप्सम जितकं कमी शुद्ध तितकं जास्त. मृगाच्या आधी पसरून वरच्या थरात मिसळा. सोबत धैंचा घेऊन फुलावर येताना गाडा, कुजताना जो वायू निघतो तो अडकलेली चुनखडी थोडी थोडी सोडवतो. आणि पेरणी रुंद वरंबा-सरीवर करा, म्हणजे मुळं निदान गुदमरणार नाहीत. पण सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर बाहेर गेलं पाहिजे. चर नसेल तर जिप्समचे पैसे टाकू नका. खालचा १६ ईएसपीचा थर दोन-तीन वर्षांत सुधारेल असंही मी सांगणार नाही. वरचे चाळीस सेंटिमीटर उघडले तरी तुमची पऱ्हाटी दिवाळी ओलांडेल.

वखर_डवरा

चराचं खरं हाये. मी जिप्सम टाकलं होतं, चर नोता. पाणी तिथंच बसलं.

नाल्याकाठ

तीन एकरांत एकदम नाही झेपणार. यंदा एका एकरात जिप्सम आणि धैंचा, एकात फक्त वरंबा-सरी, एक जसं आहे तसं. तिन्हींची माती २० ऑक्टोबरला पुन्हा वाळवून वजन करू, पुतणीनं भट्टीची परवानगी आत्ताच मागून ठेवली आहे.

चर मात्र चुलत्यांच्या वावरातूनच नाल्याला जाऊ शकतो, दुसरा उतार नाही. काल संध्याकाळी दोन्ही पेले घेऊन त्यांच्याकडं गेलो होतो. त्यांनी बराच वेळ उजेडात धरून पाहिले. मग विचारलं, त्यांच्या वावराच्या वरच्या कोपऱ्यातलं ढेकूळ टाकून पाहता येईल का. आज सकाळी ते टाकलंय. कड येते आहे.