अडतं ते परीक्षेपाशी
प्रयोगशाळा नाही, निधी नाही, म्हणून शाळांत विज्ञानाचे प्रयोग होत नाहीत, असं कारण दिलं जातं; मला ते अर्धंच पटतं. प्रयोगांची वही, म्हणजे जर्नल, पूर्ण असलं की गुण मिळणार असतील, तर सुसज्ज प्रयोगशाळेतही मुलं उतरवूनच काढणार. मुलांना स्वतः प्रयोग करायला लावून विज्ञान शिकवणाऱ्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाचा उल्लेख इथे व्हायलाच हवा. मध्य प्रदेशात १९७२ साली सहावी ते आठवीच्या १६ शाळांत तो सुरू झाला, त्याही खेड्यापाड्यांतल्या सरकारी शाळा. तिथे परीक्षाच बदलली होती: लेखी परीक्षेत पुस्तक आणि स्वतःची वही उघडून बसायची मुभा, शिवाय प्रात्यक्षिक परीक्षा. पाठांतराला फारसा वावच उरला नाही. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला, याची मला अजून हळहळ वाटते.

तसा एखादा प्रश्न आपल्या सहामाहीत सहज घालता येईल. लिंबाचा रस, चुन्याची निवळी आणि मिठाचं पाणी नाव न लिहिता द्या, सोबत फक्त हळदीचा कागद. निवळीत कागद लालसर होतो, पण उरलेली दोन ओळखायची कशी? तोच लाल झालेला कागद लिंबाच्या रसात पुन्हा पिवळा होतो. हे मुलांना आपलं आपण सुचू द्यावं, चाखायला मात्र सक्त मनाई.