मदत हवी आहे: कोजिमा आणि माकी संघांबद्दल जपानी साहित्य

नमस्कार मंडळी,

फॉर्म्युला वनमधली होंडा, टोयोटा सगळ्यांना ठाऊक आहेत. मला नाद लागलाय तो १९७० च्या दशकातल्या दोन चिमुकल्या जपानी संघांचा.

माकीची कथा तशी करुणच. १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅच ट्रॅकवर आले, पात्रता गाठता आली नाही. पुढच्याच महिन्यात जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगला चालक हाउडन गॅन्लीचा अपघात, पायांना जबर दुखापत. १९७६ पर्यंत धडपडले, पण अजिंक्यपदाची एकही शर्यत सुरू करणं नशिबी नव्हतं.

कोजिमा मात्र चटका लावते. १९७६ ची जपानमधल्या फुजीची शर्यत, जेम्स हंट आणि निकी लाउडा यांच्यात अजिंक्यपदाचा फैसला झाला तीच. घरच्या मैदानावर मासाहिरो हासेमी पहिल्यांदाच ही काळी केई००७ गाडी घेऊन उतरला. पात्रता फेरीत गाडी आपटली, संघाने ती पुन्हा उभी केली, आणि तरी सुरुवात दहाव्या जागेवरून! पावसात सुरू झालेल्या शर्यतीत शेवटी अकरावा आला. सर्वात वेगवान फेरी आधी त्याच्याच नावावर लागली, नंतर ती फ्रेंच चालक जॅक लाफितची ठरली. (जुन्या तक्त्यांत अजून हासेमीच दिसतो, फसू नका.)

आता काम असं: गाडी पुन्हा कशी बांधली याचं तपशीलवार वर्णन मला वाचायचंय. त्या काळच्या जपानी मासिकांची कात्रणं, मेकॅनिकांच्या मुलाखती, काहीही चालेल. पुण्यात जपानी शिकलेले बरेच जण आहेत, कुणी दोन-चार पानं वाचून सांगेल का? चहा-मिसळ माझ्याकडून.