सिम्प्सन म्हणजे अलिबागचा किनारा नव्हे

वाळूवरची रेघ (अ‍ॅडलेड)
मोकाट मेलबर्नकर यांचा कालचा लेख वाचून रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून हे लिहितोय. ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात: तीन कुटुंबं, 11 माणसं, घरच्या दोन ऑल व्हील ड्राइव्ह एसयूव्ही, तिसरी भाड्याची, जुलैची शाळेची सुट्टी. पूर्वेकडच्या बर्ड्सव्हिलहून निघायचं, ऑस्ट्रेलियाच्या मधलं सिम्प्सन वाळवंट ओलांडायचं, पलीकडे पश्चिमेला माउंट डेअरला पोचायचं. आणि शेवटी हे रत्न: "फोर बाय फोर हे इथल्या लोकांचं फॅड आहे. आम्ही मागच्या वर्षी ऊडनाडाटा ट्रॅक याच गाडीने केला. काही होत नाही."

अहो, ऊडनाडाटा म्हणजे खडीचा रस्ता आहे. मारी ते मार्ला साधारण 620 किलोमीटर, यंत्राने सपाट केलेला, वाटेत विल्यम क्रीकला पेट्रोल, चहा सगळं मिळतं. कोरड्या दिवसात शहाण्या माणसाने हळू नेली तर साधी गाडीही जाते. सिम्प्सनमध्ये रस्ताच नाही. एकामागे एक 1100 हून जास्त वाळूच्या टेकड्या आहेत आणि तुम्हाला त्या आडव्या कापायच्या आहेत.

त्यात तुमची दिशाच उलटी. या टेकड्यांची पूर्वेकडची बाजू खडी आणि पश्चिमेकडची उतरती. म्हणून ज्याला थोडं कळतं तो पश्चिमेकडून शिरतो. तुम्ही बर्ड्सव्हिलहून निघणार म्हणजे प्रत्येक टेकडी अवघड बाजूने चढणार, आणि पहिलीच टेकडी कोणती, तर बिग रेड, चाळीसेक मीटरची!

आता हिशेब करू. मधल्या पाचशेहून जास्त किलोमीटरमध्ये पंप नाही. रस्त्यावर शंभर किलोमीटरला 8 लिटर पिणारी गाडी वाळूत दुप्पट पिते. टाकी तुमची 55 लिटरची. म्हणजे कॅन आले. पाणी माणशी दिवसाला 7 लिटर धरा, 11 माणसं, 5 दिवस: 385 लिटर, म्हणजेच 385 किलो. तसल्या एसयूव्हीला माणसं धरून साडेचारशे-पाचशे किलो वजन झेपतं. चार माणसं, पाणी, इंधन, तंबू आणि वरती काकूंचा कुकर. गाडी बर्ड्सव्हिलमधून निघतानाच पोट टेकवेल. लो रेंज गिअर (सावकाश पण जोरात ओढणारा) नाही, स्टेपनी सायकलच्या चाकाएवढी, आणि भाड्याच्या गाडीचा करार वाचलात का? बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर पाऊल ठेवलं की विमा गेला.

अलिबागला, मुरुडला दर शनिवारी कुणीतरी गाडी वाळूत घालतो आणि गावकरी ट्रॅक्टर आणतात. इथे गावकरी नाहीत. ओढून आणायला माणूस येतो, पण बिल हजारांत येतं, तेही डॉलरमध्ये.

मोकाट मेलबर्नकर
वा! एवढं मोठं प्रवचन फुकटात. आभारी आहे.

माझ्या मामाने मारुती 800 मध्ये खारदुंगला केला आहे. तेव्हाही असेच एक काका मनालीला भेटले होते, "ही गाडी जायची नाही" म्हणून. मामा गेला, फोटो काढला, परत आला. प्रत्येक ठिकाणी एक भीतीचा दुकानदार असतो. स्नॉर्कल घ्या, विंच घ्या, सॅटेलाइट फोन घ्या, आधी लाखभर डॉलरची लँड क्रूझर घ्या आणि मग मुलांना वाळवंट दाखवा. तोवर मुलं युनिव्हर्सिटीत गेलेली असतात.

सातारी डिझेल (कालगुर्ली)
मोकाटभाऊ, मामाला आमचा रामराम सांगा. पण खारदुंगल्याला घाट आहे, लष्कर आहे, मागून ट्रक येतोय. तिथं बंद पडलेली गाडी ढकलायला चार सरदारजी उतरतात. सिम्प्सनात मागून कोण येतंय?

लँड क्रूझरच पायजे असं काय नाही. मी जुन्या पजेरोतनं गेलोय, आमच्या जोडीला एक जण जिम्नीतनं होता आणि तोच सगळ्यात कमी रुतला. गाडी हलकी, पोट उंच, लो रेंज, बस्स. खरी गोष्ट हवेची आहे. पहिल्या टेकडीला मी 38 पीएसआय हवेनं गेलो. पाच वेळा वर गेलो आणि पाच वेळा तसाच मागं घसरत आलो. बायको खाली उभी राहून व्हिडिओ काढतीय. शेवटी एक म्हातारा गोरा आला, काही बोलला नाही, खाली बसला आणि काडीनं व्हॉल्व्ह दाबला. फुस्सऽऽ. चारी चाकं 16 वर आणली. टायर असा पसरला, जणू जेवून बसलेला बैल. त्याच गाडीनं, त्याच टेकडीवर, सेकंड लोमध्ये, लोण्यातनं सुरी गेल्यागत वर. पलीकडं कडक रस्ता लागला की कॉम्प्रेसरनं परत भरायची, नाहीतर टायर फाटणार.

आणि एक. पट्टा टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, लावून गाडी ओढू नका. कधीच. माझ्यासमोर तो गोळा तुटून मागच्या गाडीची काच फोडून आत गेलाय. शिटावर कोण नव्हतं म्हणून आज मस्करीत सांगतोय.

उंटावरचा शहाणा
नावाप्रमाणे उंटावरून बोलतो. हे सगळं 1860 मध्येच होऊन गेलेलं आहे. बर्क आणि विल्स ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला मेलबर्नहून निघाले, तेव्हा बरोबर ओकचं टेबल, खुर्च्या, झेंडे आणि चिनी घंटासुद्धा होती. तुमच्या कुकरचे पूर्वज. मोहिमेचे उंट कराचीहून जहाजाने आले आणि कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती. उंटवालेही आपल्याच बाजूचे. त्यांना इथे सरसकट 'अफगाण' म्हणून मोकळे झाले. त्यात बलुची, पंजाबी, सिंधी सगळेच होते. 1939 मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ मॅडिगनने उंटांवरून सिम्प्सन ओलांडलं, तेव्हा उंट सांभाळणारा जॅक बेजा हाही बलुची बापाचाच मुलगा. पण आपले लोक तिथे जाऊन सेल्फी काढतात आणि मारीच्या जुन्या मशिदीच्या जागेकडे ढुंकूनही बघत नाहीत.

मुद्दा: 21 एप्रिल 1861 ला बर्क कूपर क्रीकच्या तळावर परतला, तर तळावरची माणसं त्याच सकाळी निघून गेलेली. काही तासांची चुकामूक. त्यांच्याकडे गाडी-ते-गाडी बोलायचा यूएचएफ रेडिओ नव्हता. तुमच्याकडे आहे का?

खडूस काकू (ब्रिस्बेन)
माझ्या कुकरवर दोघे घसरले म्हणून बोलते. पाच लिटरच्या कुकरमध्ये गॅस आणि पाणी दोन्ही कमी लागतं. उघड्या पातेल्यात पास्ता उकळून ते पाणी वाळूत ओतणाऱ्यांनी मला शिकवू नये.

आणि 7 लिटर माणशी म्हणताय, त्यात सकाळचं धरलंय का? कुणी बोलत नाही म्हणून मीच विचारते. आमच्याबरोबर सासूबाई होत्या, वय 78. त्यांना कागद चालत नाही आणि मलाही चालत नाही.

वाळूवरची रेघ
काकू, 7 लिटर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी. सकाळचं धरलेलं नाही. फावडं न्या, वीतभर नव्हे चांगला 30 सेंटिमीटर खड्डा खणा, कागद वापरा, बुजवा. जगात सगळे हेच करतात.

खडूस काकू
"जगात सगळे" म्हणजे कोण? निम्मं जग पाणीच वापरतं. वीस वर्षं इथे राहिलं की माणसं गोऱ्यांहून गोरी होतात.

वाळूवरची रेघ
यात गोरेपणा कुठून आला? हिशेब आहे. अर्धा लिटर, दिवसातून दोनदा, 11 माणसं: रोज 11 लिटर. पाच दिवसांचे 55 किलो. तेवढ्या वजनात कॉम्प्रेसर, दुसरी स्टेपनी आणि रुतलेल्या चाकाखाली घालायच्या मॅक्सट्रॅक्सच्या पट्ट्या येतात.

बारीक किरकिर
मी जेवताना वाचतोय हो.

सातारी डिझेल
काकूंच्या बाजूनं बोलतो. अर्धा लिटर कशाला लागतंय? पाण्याची प्लास्टिकची बाटली घ्यायची, झाकणाला तापलेल्या खिळ्यानं एक भोक. दाबली की धार. 200 मिलीत कार्यक्रम आटोपतो. आमचा सगळा गट आठ वर्षं हेच करतोय. ओले वाइप्स वापरणाऱ्यांनी मात्र गप बसावं, कारण झुडपामागं वर्षानुवर्षं फडफडणारे झेंडे त्यांचेच असतात.

वाळूवरची रेघ
200 मिली धरलं तर पाच दिवसांचे 22 लिटर. एक कॅन. बरं. मान्य. पण तो कॅन वेगळ्या रंगाचा ठेवा, एवढी हात जोडून विनंती.

खडूस काकू
लिहून ठेवते. वाळूवरची रेघ यांनी काहीतरी मान्य केलं.

मुक्काम पोस्ट डार्विन
टमरेल परिषद संपली असेल तर माझं एक गाऱ्हाणं. सिम्प्सनच्या पश्चिम कडेचा डॅलहौसीचा गरम पाण्याचा झरा. पहाटे बाहेर कडाक्याची थंडी, पाण्यावर वाफ आणि आत 37-38 अंश ऊब. असं सुख दुसरं नाही. मागच्या वेळी तिथे एक आपलंच कुटुंब साबण लावून बसलेलं, काठावर स्पीकर. त्या तळ्यात जगात दुसरीकडे न सापडणारे मासे आहेत हो! मी मराठीत बोलल्यावर म्हणाले, "अरे, आपलेच आहेत," आणि मला चकली दिली. चकली खाल्ली, हे कबूल करतो. पण साबण चुकीचाच.

मोकाट मेलबर्नकर
दोन तास गेलो तर माझ्या सहलीवर संडास बांधून झालं. असो.

मूळ मुद्दा. आज फोनवरून थेट उपग्रहाला संदेश जातो. पीएलबी, म्हणजे संकटाचा सिग्नल पाठवणारा खिशातला बीकन, दोन-चारशे डॉलरना मिळतो. बटण दाबलं की हेलिकॉप्टर. मग ही सगळी नाटकं कशाला?

वाळूवरची रेघ
पीएलबी म्हणजे ओला कॅब नव्हे. 406 मेगाहर्ट्झवर "मी अमुक जागी संकटात आहे" एवढंच जातं. रुतलात, अ‍ॅक्सल तुटला की मुलाला ताप आला, ते समोरच्याला कळत नाही आणि "निघालोय" असं उत्तरही येत नाही. तो जिवावर बेतल्यावर दाबायचा असतो, क्लच जळल्यावर नाही. आणि आधी नोंदवावा लागतो. नोंदणी फुकट आहे, तरी आपले लोक करत नाहीत.

1963 च्या नाताळात बर्ड्सव्हिल ट्रॅकच्या बाजूला पाच जणांचं अख्खं कुटुंब तहानेने गेलं. पेट्रोल संपलं आणि ते गाडी सोडून चालायला लागले.

मोकाट मेलबर्नकर
1963! तेव्हा माझे वडील शाळेत होते.

मुक्काम पोस्ट डार्विन
मग 2025 चा जुलै घ्या. पश्चिम ऑस्ट्रेलियात एक जर्मन मुलगी, व्हॅन रुतली, ती सोडून चालत निघाली. 11 रात्री उघड्यावर काढल्या. वाचली ती नशिबाने, एका बाईला रस्त्यात दिसली म्हणून. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

सातारी डिझेल
आणि मोकाटभाऊ, तुम्ही लेखात चार सनस्क्रीन आणि दोन पंखे लिहिलेत. ब्लँकेट एकपण नाही. जुलैत रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. सकाळी आमच्या तांब्यात बर्फाची पापडी धरली होती.

मोकाट मेलबर्नकर
ही गोष्ट खरंच माहीत नव्हती. बायको म्हणत होती, मी हसलो होतो. आता हा धागा तिला दाखवणं शक्य नाही.

बरं, ऐका. भाड्याची गाडी रद्द केली. करार वाचला, भीतीच्या दुकानदाराचं म्हणणं दुर्दैवाने बरोबर निघालं. एका मित्राची प्राडो मिळतेय, खरी फोर बाय फोर. आमच्या दोन एसयूव्ही बर्ड्सव्हिलपर्यंत खडीच्या ट्रॅकने जातील आणि तिथेच थांबतील. ज्यांना टेकड्या बघायच्यात ते प्राडोतून बिग रेडवर जाऊन सूर्यास्त बघतील, गुलाबजाम खातील, परत. अख्खं सिम्प्सन पुढच्या वर्षी, पश्चिमेकडून, दोन नीट गाड्या घेऊन. खूश?

वाळूवरची रेघ
खूश नाही, पण झोप येईल. बर्ड्सव्हिल ट्रॅकची स्थिती निघायच्या दिवशी सकाळी बघा, आदल्या आठवड्यात नाही. पाऊस पडला की तो बंद होतो आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड आहे. पुढच्या वर्षी डेझर्ट पार्क्सचा पास आधी काढा. 1 डिसेंबर ते 15 मार्च सिम्प्सनचं उद्यान बंदच असतं. तीन राज्यांच्या हद्दी मिळतात त्या पोपेल कॉर्नरच्या पुढे आयर क्रीकच्या ओढ्याला पाणी आहे का तेही विचारा. तिथे पाणी असलं की मोठा वळसा पडतो, म्हणजे परत इंधन.

उंटावरचा शहाणा
आणि वाटेत मारीला मशिदीची जागा.

खडूस काकू
आणि कुकर.

मोकाट मेलबर्नकर
शेवटचा प्रश्न, प्रामाणिक आहे, चिडू नका. बिग रेडवर गाडीला तो उंच झेंडा लागतो ना, पलीकडून चढणाऱ्याला दिसावा म्हणून? साडेतीन मीटर? आमच्याकडे गुढीची काठी आहे. चालेल का?

वाळूवरची रेघ
चालणार नाही. फायबरग्लासचा घ्या. बांबू दुसऱ्या टेकडीला मोडतो.

खडूस काकू
तुम्हाला कसं माहीत?

वाळूवरची रेघ
2016. पाडव्याला आणलेली काठी होती. पुढचं विचारू नका.