श्रावणातला भाजी-पिझ्झा : एअर फ्रायरमध्ये वरून करपतो, खालून ओला राहतो

कंडक्टर_तात्या (मिठबाव, देवगड)

मंडळी, नमस्कार. पाककृती विभागात पहिल्यांदाच लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या गणपतीत मुलाने डोंबिवलीहून एअर फ्रायर आणून दिला. वर्षभर तो खोक्यातच होता, कारण हिचं म्हणणं, ज्यात भाकरी होत नाही ते यंत्र ठेवायचं कुठे आणि पुसायचं कोणी. आता नातीचं फोनवर फर्मान आलंय, "आजोबा, गणपतीत व्हेज पिझ्झा हवा." वय वर्षं नऊ. गणपतीचे पाच दिवस आमच्याकडे सतरा माणसं असतात, मासळी बंद असते, आणि तिसऱ्या दिवसापासून काळ्या वाटाण्याची उसळ दिसली की पोरं तोंडं वाकडी करतात. म्हणून म्हटलं, श्रावणातच रंगीत तालीम करू.

मी एसटीत कंडक्टर होतो. वेबिल लिहायची सवय जात नाही, त्यामुळे प्रत्येक खेपेची नोंद ठेवली आहे. ती अशी :

खेप पहिली, रविवार, सकाळी ११. कणकवलीहून आणलेला तयार बेस, वर टोमॅटो सॉस, कच्ची सिमला मिरची, कांदा, टोमॅटोच्या चकत्या, किसलेलं क्यूबचं चीज. २०० अंश, १० मिनिटं. चीज तपकिरी, कडा करपलेल्या, खालची बाजू पांढरी आणि दमट. सिमला मिरचीचे दोन तुकडे पंख्याच्या वाऱ्याने उडून वर कॉइलला चिकटले आणि स्वयंपाकघरात धूर. ही दारातूनच म्हणाली, "वरसून करपलो, खालसून ओलो. ह्येका जेवान म्हणतत?"

खेप दुसरी, सोमवार, रात्री पावणेआठ. तोच बेस, तोच सॉस, तेच अंश, तीच १० मिनिटं. या वेळी काहीच करपलं नाही, पण काही भाजलंही नाही. चीज वितळून तेल सुटलं आणि वर रबरासारखा थर राहिला. आणखी ५ मिनिटं दिली, तरी बेस ओल्या पुठ्ठ्यासारखाच.

खेप तिसरी, बुधवार, पुन्हा रात्री. कोणीतरी सांगितलं म्हणून खाली बटर पेपर घातला. रिकामं भांडं तापवताना कागद आधीच आत ठेवला, तो उडून कॉइलला लागला आणि कोपरा जळाला. पिझ्झा दुसऱ्या खेपेपेक्षा वाईट. कुत्र्याने खाल्ला, तोही विचार करून.

माझा प्रश्न असा की गाडी तीच, रस्ता तोच, मग सकाळची आणि रात्रीची फेरी इतकी वेगळी का? आणि खालची बाजू भाजायची कशी? यंत्र १५०० वॅटचं आहे, भांडं आतून साधारण २० सेंटिमीटर. एक उपप्रश्न, पहिल्या दिवशी नैवेद्य होईपर्यंत घरात कांदा-लसूण चालत नाही. त्याशिवाय सॉसला चव येते का?

लालबागचा_चाकरमानी

तात्यानू, श्रावण सरलो की सुंगटां (कोळंबी) घाला वरसून. भाजी कसली घालतास!

कंडक्टर_तात्या

मेल्या, श्रावणात सुंगटांचं नाव काढतोस. आधी भाजीचा तर होऊ दे.

तारतंत्री (कुडाळ)

तात्या, पिझ्झ्यातलं मला काही कळत नाही. पण वायरमनकीत आयुष्य गेलं, आणि तुमच्या वेबिलात एक गोष्ट लख्ख दिसते. सकाळी ११ ला करपलं आणि रात्री पावणेआठला भाजलंच नाही. दोष यंत्राचा नाही, व्होल्टेजचा असणार. तुमचं घर डीपीपासून (गावाच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब आहे का?

यंत्रावर १५०० वॅट लिहिलेलं असतं ते २३० व्होल्ट मिळाले तर. व्होल्टेज उतरलं की हीटरची ताकद त्याच प्रमाणात उतरत नाही, वर्गाच्या प्रमाणात उतरते. १८० व्होल्ट आले तर १५०० चा हीटर जेमतेम ९२० वॅट देतो. म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के उष्णता गायब. पंखाही मंदावतो. पडद्यावर मात्र २०० अंश झळकत राहतात आणि मिनिटं मोजली जातात, कारण ते २०० तुम्ही मागितलेले असतात, मिळालेले नसतात. चीज त्या अर्धवट धगीत हळूहळू शिजत बसलं, म्हणून तेल सुटलं.

आता मुद्द्याचं : यंत्र कुठल्या बोर्डावर लावलंय?

कंडक्टर_तात्या

डीपीपासून आमचं घर शेवटचं. आमच्यापुढे नुसती काजूची बाग. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर आकडा दिसतो तो आत्ता पाहून आलो. रात्री ८ वाजता १८१. उद्या सकाळी पुन्हा बघतो.

यंत्र स्वयंपाकघरातल्या साध्या बोर्डावर आहे. प्लग मोठा, तिथे बसत नव्हता, म्हणून मधे कन्व्हर्टर घातला आणि तिथून एक्सटेन्शन. मग त्या स्टॅबिलायझरवरच लावू का?

तारतंत्री (कुडाळ)

अजिबात नको! फ्रिजचा स्टॅबिलायझर फ्रिजपुरता असतो, १५०० वॅटला जळेल. इन्व्हर्टरवरही नको.

आणि तो कन्व्हर्टर आजच काढा. साधा बोर्ड ६ अँपिअरचा. २३० गुणिले ६ म्हणजे १३८० वॅट, तुमचं यंत्र त्याच्या वर जातं. १० मिनिटांनी प्लगला हात लावून बघा, गरम लागेल. बारीक वायरच्या एक्सटेन्शनमध्ये आणखी काही व्होल्ट खर्ची पडतात ते वेगळंच. घरात गिझरसाठी किंवा पंपासाठी १६ अँपिअरचा पॉइंट असेल, यंत्र थेट तिथे न्या. पिझ्झा पडवीत झाला तरी नातीला चालेल.

गणपतीत तर गावातलं प्रत्येक बंद घर उघडतं. रोषणाई, पंखे, मिक्सर सगळं एकदम चालू. तेव्हा संध्याकाळी १८१ सुद्धा मिळतील असं धरून चालू नका.

अभ्यासू_पेठकर

एक मूलभूत मुद्दा कोणी मांडलेला दिसत नाही. नेपल्सला पिझ्झा लाकडाच्या भट्टीत सुमारे ४८५ अंशांवर ६० ते ९० सेकंदांत भाजतात. २०१७ साली ही कला युनेस्कोच्या यादीत गेली. २०० अंशांच्या डब्यात जे होतं त्याला पिझ्झा म्हणावं का, हा विचार व्हावा.

कंडक्टर_तात्या

विचार केला. आमच्याकडे ६० ते ९० सेकंदांत वीज जाते.

खापरोळी (वेंगुर्ले)

तात्यानू, तारतंत्रींनी अर्धं कोडं सोडवलंय, राहिलेलं अर्धं मी सोडवते. व्होल्टेज चांगलं असूनही पहिल्या खेपेला खालची बाजू ओली राहिली ना? तर काकींना एक विचारा, धोंडस कसं करतात. तवसाचं धोंडस, म्हणजे आपला मोठ्या काकडीचा गोड केक, करताना टोप चुलीवर असतो आणि झाकणावर निखारे. खालून धग, वरून धग, तेव्हा कुठे ते दोन्हीकडून सारखं भाजतं. तुमच्या यंत्रात कॉइल वर, पंखा वर. म्हणजे झाकणावर निखारे आहेत आणि खाली चूलच नाही. गरम वारा जाळीच्या भोकांतून जेवढा खाली फिरेल तेवढीच तळाला धग. तुम्ही बेस भांड्याच्या काठापर्यंत भरलात, शिवाय तिसऱ्या खेपेला खाली कागद घालून भोकंही बुजवलीत. मग तळ भाजणार कसा?

तेव्हा खालची चूल आपण द्यायची. भाकरीचा तवा आहे ना? बेस आधी तव्यावर करा.

मी घरी असं करते. मैदा २०० ग्रॅम, पाणी ११५ मिली, ड्राय यीस्ट अर्धा छोटा चमचा, मीठ पाऊण छोटा चमचा, साखर चिमूटभर, तेल एक चमचा. पावसाळ्यात मैदा हवेतली ओल ओढून बसलेला असतो, म्हणून पाणी एकदम ओतू नका. १०५ वर थांबा, हाताला विचारा, मग पुढचं. आठ-दहा मिनिटं चांगलं मळा आणि झाकून ठेवा. सध्याच्या हवेत दीड तासात दुप्पट होतं. मे महिन्यात हेच तासाभरात फसफसून आंबट होतं, तेव्हा घड्याळाकडे बघू नका, बोट खुपसून बघा. खळगा हळूहळू वर आला तर झालं. याचे दोन गोळे होतात. एकेक १७-१८ सेंटिमीटरचा थापा, म्हणजे भांड्याच्या कडेने बोटभर जागा सुटेल आणि वारा खाली जाईल. काट्याने सगळीकडे टोचे मारा, नाहीतर वडे फुगतात तसा टम्म फुगतो.

तवा मध्यम आचेवर. पहिली बाजू दोन-अडीच मिनिटं, तपकिरी ठिपके येईपर्यंत. ही बाजू शेवटी खाली राहणार. उलटून दुसरी बाजू फक्त अर्धा-पाऊण मिनिट, वरचा ओलेपणा मोडेपर्यंत. सॉस या दुसऱ्या बाजूवर लावायचा. ती थोडी भाजलेली असली की सॉसचं पाणी आत मुरत नाही.

भाज्यांचं. पावसातली सिमला मिरची फोंडा घाटातून टेम्पोने आपल्यापर्यंत येते तोवर अर्धी पाणी झालेली असते. कच्ची घालू नका. मिरची, मक्याचे दाणे, आणि चालत असेल त्या दिवशी कांदा, मोठ्या आचेवर दोन मिनिटं परता. मीठ उतरवल्यावर घाला, आधी घातलं तर पाणी सुटतं. टोमॅटो घालायचाच तर बिया आणि गर काढून. कोवळ्या भेंडीच्या चकत्या परतून घातल्यात तर फार छान लागतात, माझ्या मुलांनी आधी नाकं मुरडली होती, आता मागून घेतात. पडवळ मात्र नको, मी करून पस्तावले आहे.

उडण्याचं. अर्धं चीज खाली, मग भाज्या, मग उरलेलं चीज वरून. ते वितळून भाज्यांना धरून ठेवतं. क्यूबचं चीज प्रोसेस्ड असतं, ते वितळतं पण त्याची तार येत नाही. नातीला तार हवी असणार, तेव्हा मोझरेला आणा. पुरेसं मिळालं नाही तर मिळेल तेवढं घेऊन दोन्ही मिसळा.

यंत्र रिकामं पाच मिनिटं तापवा, मग १८० अंशांवर पाच-सहा मिनिटं. तळ आधीच झालेला असल्यामुळे यंत्राला फक्त झाकणावरच्या निखाऱ्यांचं काम उरतं. व्होल्टेज कमी असलं तरी एखादं मिनिट जास्त लागेल, एवढंच. काढल्यावर ताटात ठेवू नका, वाफेने तळ परत ओला होतो. मी उपड्या रोवळीवर ठेवते.

बिनकांद्याचा सॉस : टोमॅटो उकडून, साल काढून, वाटून तेलात हिंगावर आटवा. पळी फिरवली की भांड्याचा तळ दिसला पाहिजे. किंचित गूळ, मिरपूड. आणि अंगणात सब्जा आहे का? बेसिल म्हणून शहरात जे विकतात ते सब्जाच्याच जातीचं झाड. आपल्या सब्जाचा वास जरा उग्र, म्हणून पाच-सहा पानंच, तीही गॅस बंद केल्यावर.

कंडक्टर_तात्या

ताई, सब्जा तुळशीवृंदावनाच्या मागेच आहे. ही म्हणते, तुळशीला हात लावाल तर बघा. म्हटलं, तुळस नव्हे गं, तिची चुलत बहीण.

हिशेब केला. सतरा माणसं, प्रत्येकी अर्धा धरला तरी नऊ पिझ्झे. एका वेळी एकच. यंत्रात सहा मिनिटं, काढा-घालायला दोन, म्हणजे नवांना सव्वा तास. पहिला खाणारा हात धुऊन भजनाला बसेल तरी शेवटचा वाट बघत असेल.

खापरोळी (वेंगुर्ले)

बेस सकाळीच तव्यावर करून ठेवा. पूर्ण गार झाल्यावर कापडात गुंडाळून डब्यात. सॉस आणि परतलेल्या भाज्याही सकाळीच, त्या मात्र फ्रिजमध्ये. आणि संध्याकाळचा हट्ट सोडा, दुपारी चारला करा. पोरांना भूक तेव्हाच लागते, आणि व्होल्टेजही असेल.

कंडक्टर_तात्या

वेबिल, खेप चौथी. शनिवार, दुपारी ४. स्टॅबिलायझरवर २१४. यंत्र पडवीत, पंपाच्या पॉइंटवर. बेस तव्यावर, पहिली बाजू अडीच मिनिटं, दुसरी पाऊण. पहिला थापताना जाड झाला, कारण तो मी थापला. दुसरा हिने माझ्या हातातून काढून घेतला आणि भाकरीसारखा गोल फिरवून १८ सेंटिमीटरचा अचूक केला, पट्टी न लावता. भेंडी, सिमला मिरची, मका. १८० वर सहा मिनिटं. काहीही उडालं नाही. प्लग गार.

खाली तपकिरी ठिपके, दुमडला तर कडक, चीजला वीतभर तार. दोन तुकडे शेजारी पाठवले, तिथून भांडं रिकामं आणि आणखी दोन माणसं आली.

खेप पाचवी मुद्दाम त्याच रात्री ८ ला, १७९ व्होल्टवर. आठ मिनिटं लागली, चीजचा रंग थोडा फिका, तळ मात्र तसाच कडक. तारतंत्री आणि खापरोळीताई, दोघांचेही आभार. अभ्यासूंना एक तुकडा ठेवला होता, नाव काय द्यायचं ते ठरेपर्यंत तो संपला.

आता नवीन प्रश्न माझा नाही, हिचा आहे. रात्री भांडी आवरताना यंत्राकडे बराच वेळ बघत उभी होती. मग म्हणाली, "मांडवार तवसां झाली हत. ह्येच्यात धोंडस होईत काय?"