कुटुंब पेन्शन अचानक निम्म्याहून कमी झाली: कॅनडातून काय करता येईल?

ब्रॅम्प्टनकर आजी (मूळ प्रश्न)

सर्व सदस्यांना नमस्कार.

माझे यजमान केंद्र सरकारच्या सेवेतून ३० जून २०१३ रोजी, वयाची साठ वर्षे पूर्ण होताच, निवृत्त झाले आणि मार्च २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हापासून मला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. आता मी टोरांटोजवळ मुलीकडे राहते. पेन्शन पुण्यातील बँकेच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांच्या रुपया खात्यात) जमा होते आणि तिथल्या सदनिकेची देखभाल, मालमत्ता कर व माझ्या आरोग्य विम्याचा हप्ता त्यातूनच जातो.

जून २०२५ पर्यंत दरमहा ५४,२५० रुपये जमा होत होते. जुलैच्या पेन्शनचे मात्र २१,७०० रुपयेच आले. शाखेला ईमेल केला तर त्यांनी पेन्शन कक्षाकडे बोट दाखवले आणि पेन्शन कक्षाने शाखेकडे. शेवटी माझ्या दिरांच्या पत्त्यावर बँकेचे पत्र आले. त्यात म्हटले आहे की वाढीव दराची मुदत जून २०२० मध्येच संपली होती, परंतु नजरचुकीने जून २०२५ पर्यंत त्याच दराने पेन्शन दिली गेली; आता मूळ पेन्शन ३५,००० ऐवजी २१,००० रुपये राहील, जादा गेलेली रक्कम ११,८०,२०० रुपये आहे, आणि ती दरमहाच्या पेन्शनमधून एक तृतीयांश कापून वसूल केली जाईल. आधी ना नोटीस, ना विचारणा.

दीर म्हणतात, पेन्शन सुरू होताना तुम्ही हमीपत्रावर सही केली आहे, तेव्हा गप्प राहा. मुलगी म्हणते, वकील गाठू. गुडघ्यांमुळे मला इतका लांबचा प्रवास आता झेपत नाही. ही कपात नियमाला धरून आहे का, आणि नसल्यास इथे बसून तिच्याविरुद्ध दाद मागता येईल का?

खतावणी

आजी, नमस्कार. मी एका बँकेच्या पेन्शन कक्षातून निवृत्त झालो, त्यामुळे हे दुखणे ओळखीचे आहे. तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. दर बरोबर आहे का, हा एक. आणि जादा दिलेले पैसे परत मागता येतात का, हा दुसरा. बँकेने दोन्ही एकाच पत्रात कोंबले म्हणून तुम्हीही ते एकत्र धरू नयेत, कारण पहिल्यात बँकेची बाजू भक्कम आहे आणि दुसऱ्यात ती बरीच कच्ची आहे.

प्रथम दर. निवृत्तीनंतर पेन्शनधारकाचे निधन झाले तर कुटुंबाला सुरुवातीला शेवटच्या वेतनाच्या पन्नास टक्के, म्हणजे वाढीव दराने, पेन्शन मिळते. ही सवलत मृत्यूनंतर सात वर्षे किंवा दिवंगत व्यक्तीला ६७ वर्षे पूर्ण झाली असती त्या दिवसापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच असते. पुढे तीस टक्के. साहेबांची सात वर्षे मार्च २०२४ मध्ये भरली असती, पण ६७ वर्षे जून २०२० मध्येच पूर्ण झाली असती. म्हणून जून २०२० ही तारीख बरोबर आहे. सुधारित वेतन ७०,००० धरले तर पन्नास टक्के म्हणजे ३५,००० आणि तीस टक्के म्हणजे २१,०००, हेही जुळते. तुमच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) दोन्ही दर आणि वाढीव दराची अखेरची तारीख छापलेली असेल, ती पाहून घ्या. तिथे जून २०२० असेल तर पीपीओ निर्दोष आहे आणि चूक पूर्णपणे बँकेची आहे.

आता रक्कम. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दरमहा मूळ फरक १४,००० रुपये, त्यावर त्या त्या काळातील महागाई भत्ता. कोरोनाकाळात भत्ता गोठवला होता, म्हणून जुलै २०२० ते जून २०२१ हे बारा महिने १७ टक्केच धरायचे. जुलै २०२१ पासून ३१, आणि मग दर सहा महिन्यांनी ३४, ३८, ४२, ४६, ५०, ५३ व जानेवारी २०२५ पासून ५५. जून २०२५ पर्यंत सगळे मिळून ११,६१,७२० रुपये होतात. बँकेचा आकडा त्याहून १८,४८० रुपयांनी जास्त आहे. हा फरक १४,००० च्या ११ टक्क्यांचे बारा महिने केले की नेमका येतो, आणि गोठवण उठताना आधी जाहीर झालेले २८ टक्के वजा १७ म्हणजे ११. माझा तर्क असा की गोठवलेल्या वर्षालाही संगणकाने २८ टक्के लावले. तुम्हाला जे मिळालेच नाही ते परत मागण्यासारखे हे आहे.

म्हणून पहिले पत्र एवढ्यापुरतेच लिहा: महिन्यागणिक देय किती होते आणि प्रत्यक्ष किती दिले याचे ड्यू-ड्रॉन स्टेटमेंट द्यावे, आणि वसुलीला कोणत्या अधिकाऱ्याची मंजुरी आहे ते कळवावे. त्या काळातील खातेउतारा स्वतःही काढून ठेवा.

संत्रानगरी

मी तर म्हणेन की आजींनी एक रुपयाही देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी रफीक मसीह प्रकरणात निवृत्त कर्मचाऱ्यांकडून, तसेच वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ दिल्या गेलेल्या जादा रकमेची वसुली करणे अनुचित ठरवले आहे. आमच्या नागपूर खंडपीठाने २०२० मध्ये भंडारा आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या ८५ वर्षांच्या गृहस्थांच्या पेन्शनमधून चाललेली साडेतीन लाखांहून अधिक रकमेची वसुली रद्द केली आणि बँकेलाच पन्नास हजारांचा दंड केला. पेन्शन ठरवण्याचा अधिकार बँकेला नाही, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. एवढे असताना सौम्य पत्रे कशाला लिहायची?

खतावणी

संत्रानगरी, दोन्ही निर्णय उपयोगाचे आहेत, पण आजींना त्यांचा अर्धाच भाग सांगितला तर पुढे अडचण त्यांनाच येईल. भंडाऱ्याच्या प्रकरणात पेन्शन मुळात जास्त दिली गेली होती हेच बँकेला दाखवता आले नव्हते. इथे ती जास्त दिली गेली हे पीपीओवरूनच दिसेल. पाच वर्षांचा निकष म्हणाल तर जुलै २०२० ते जून २०२५ ही बरोबर साठ महिन्यांची मुदत आहे, त्याहून अधिक नाही, म्हणून त्यावर भर देऊ नये. आणि हमीपत्राचा प्रश्न खरा आहे: २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र आधीच देणाऱ्याला ते बांधील असते, असे म्हटले. ते प्रकरण वेतननिश्चितीचे होते, कुटुंब पेन्शनचे नव्हते, तरी बँकेचा वकील तेच पुढे करणार.

आजींच्या बाजूची गोष्ट वेगळीकडे आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये पेन्शन वसुलीविषयीची आपली जुनी परिपत्रके मागे घेतली आणि वसुली कशी करायची याबाबत पेन्शन मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचे मार्गदर्शन घ्यावे असे बँकांना सांगितले. चूक बँकेची असेल तर पेन्शनधारकाकडून पैसे येण्याची वाट न पाहता बँकेने सगळी रक्कम सरकारजमा करायची असते. याचा व्यवहारातला अर्थ असा की बँकेने केलेल्या चुकीचा भार आधी बँकेवरच पडतो, आणि आज आजींच्या खात्यातून जे कापले जात आहे ते बहुधा बँकेच्याच खिशाची भरपाई आहे. मंजुरी नसताना चाललेल्या कपातीला हरकत इथे घ्यायची. शिवाय कार्मिक विभागाच्या २ मार्च २०१६ च्या कार्यालयीन ज्ञापनानुसार, अशा परिस्थितीतील वसुली माफ करण्याचा प्रस्ताव खात्याला व्यय विभागाच्या संमतीने मांडता येतो. तोही अर्ज साहेबांच्या कार्यालयप्रमुखांकडे करावा. माफी मिळेलच असे मी म्हणत नाही, पण मागितल्याशिवाय ती मिळत नाही.

एक खुलासा. पीपीओमधील लेखनिकी चूक दोन वर्षांनंतर उघडकीस आली तर पेन्शन कमी करण्यासाठी निवृत्तिवेतन विभागाची संमती लागते, हा नियम कुणीतरी तुम्हाला सांगेल. तो पीपीओतील चुकीसाठी आहे. तुमच्या पीपीओत चूक नसेल तर त्याचा आधार घेऊ नका.

हडसनपार

आजी, मी न्यू जर्सीत असतो आणि माझ्या वडिलांच्या पेन्शनचे सगळे इथूनच पाहतो. प्रवासाची गरज नाही. केंद्रीय पेन्शनधारकांसाठी सीपेनग्राम्स हे तक्रारीचे संकेतस्थळ आहे. पीपीओ क्रमांक घालून तक्रार केली की ती बँकेकडे आणि खात्याकडे नोंदीसह जाते, आणि शाखा-कक्ष-शाखा हा खेळ थांबतो. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. मात्र त्याआधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, फोनवरचे बोलणे त्यात धरत नाहीत. माहिती अधिकाराचा अर्ज फक्त भारतीय नागरिकाला करता येतो, म्हणून तुम्ही कॅनडाचे नागरिकत्व घेतले असेल तर तो मार्ग तुम्हाला नाही.

दिरांना पुढे उभे करायचे असेल तर टोरांटोच्या भारतीय वाणिज्य दूतावासात मुखत्यारपत्र साक्षांकित करून घ्या आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. हे शुल्क विसरलेले मुखत्यारपत्र ऐन वेळी अडवले जाते.

ब्रॅम्प्टनकर आजी

सर्वांची मी ऋणी आहे. पीपीओ दिरांनी शोधून त्याचे छायाचित्र पाठवले. वाढीव दराची अखेर त्यावर जून २०२० अशीच आहे, त्यामुळे दराबद्दल माझी तक्रार उरली नाही. सीपेनग्राम्सवर नोंद केल्यानंतर बँकेने ड्यू-ड्रॉन स्टेटमेंट पाठवले, आणि खतावणींनी वर्तवले होते तसेच निघाले: गोठवलेल्या बारा महिन्यांना २८ टक्के लावले आहेत, तर माझ्या खातेउताऱ्यात १७ टक्क्यांनीच पैसे आलेले दिसतात. १८,४८० रुपये वजा करण्याचे बँकेने मान्य केले आहे. मंजुरीच्या प्रश्नाला मात्र उत्तर दिलेले नाही आणि कपात चालूच आहे. यजमानांच्या कार्यालयाला माफीचा अर्ज गेला आहे. कार्यालयाचे उत्तर येईपर्यंत थांबावे की लोकपालाकडे लगेच जावे?

खतावणी

तीस दिवस उलटले असतील तर लगेच जा. कार्यालयाचे उत्तर कधी येईल याचा नेम नाही, आणि लोकपालाकडे जाण्यालाही बँकेच्या उत्तरापासून ठरावीक मुदतीची मर्यादा आहे. तक्रारीत मागणी एकच ठेवा: मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश दाखवेपर्यंत कपात थांबवावी आणि आजवर कापलेले परत जमा करावे. दराचा वाद त्यात आणू नका, नाहीतर मुख्य मुद्दा बाजूला पडेल.

आणि या धावपळीत नोव्हेंबरचा हयातीचा दाखला राहू देऊ नका. दूतावासातील अधिकाऱ्याने दिलेला दाखला बँकेला चालतो. तो वेळेत पोहोचला नाही तर आहे ती पेन्शनही थांबेल, आणि मग ती पुन्हा सुरू करण्यासाठी त्याच पेन्शन कक्षाशी नव्याने पत्रव्यवहार करावा लागेल.