मदत हवी आहे: गरम पाण्याच्या कुंडावर वीज, सरकारी पैसा किती मिळतो?

हापूसवाला: अर्जंट आहे. सरांबरोबर प्रपोजल लिहितोय, कुंडाच्या पाण्यावर छोटा बायनरी प्लांट (गरम पाण्याने कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव उकळवायचा नि त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं). केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या संशोधन योजनेत टाकायचंय पण किती टक्के देतात तिथेच गाडी अडलीय, जो तो वेगळंच सांगतो. कोणी केलंय का?

भूगर्भी: कुठलं कुंड? तापमान? प्रवाह? कॉलेज सरकारी की खाजगी? काहीच न सांगता टक्के कसे सांगू बाबा.

हापूसवाला: खाजगी. उन्हवरे, दापोली. 70 डिग्रीच्या आसपास. पाणी भरपूर आहे.

बबन_पुणेकर: "भरपूर" हे कुठलं एकक म्हणे? 70 वर वीज विसरा. त्या उष्णतेवर सरळ ड्रायर चालवा, कोकम नि आमसुलं सुकवा, पावसाळ्यातसुद्धा चालेल. माझ्या मेव्हण्याचा सोलर ड्रायर जूनपासून नुसता धूळ खातो.

उत्तरवारा: विसरा काय? अलास्कात चेना हॉट स्प्रिंग्जला 74 डिग्रीच्या पाण्यावर 2006 पासून वीज बनतेय.

बबन_पुणेकर: अहो, तिथे कंडेन्सरला, म्हणजे वाफ परत थंड करायला, 4 डिग्रीचं पाणी मिळतं! दापोलीत मे महिन्यात कुठून आणणार, बर्फाच्या गोळेवाल्याकडून?

लेहप्रेमी: कोकण सोडा, लडाखात पुगाच्या गरम झऱ्यांकडे जा. ओएनजीसीने 2021 ला करार केला, 1 मेगावॅटचा पायलट प्रकल्प ठरला. जीएसआय (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) तर 70 च्या दशकापासून तिथे भोकं पाडतंय. अजून बल्ब पेटला का विचारू नका.

शमाकाकू: उन्हवऱ्याच्या पाण्याने खरूज जाते का हो? आणि राहायची सोय?

भूगर्भी: काकू, वेगळा धागा काढा ना. हापूसवाला, आम्ही टाकलं तेव्हा सरकारी आणि ना-नफा संशोधन संस्थांना 100 टक्क्यांपर्यंत, उद्योग, स्टार्टअप, खाजगी संस्थांना 70 पर्यंत. उरलेले 30 कोण घालणार ते मॅनेजमेंटकडून लेखी घ्या, नाहीतर एखादी सरकारी संस्था भागीदार घ्या. आणि प्रवाह मोजा, वीज किती निघेल ते त्याच्याशिवाय लिहिताच येणार नाही.

हापूसवाला: 30 टक्के?? सर तर सगळे मिळतात म्हणाले होते. बादली नि मोबाईलचं स्टॉपवॉच चालेल का?

भूगर्भी: चालेल. पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी मोजा, कुंडात नाही. आत्ता एकदा आणि पावसाळ्यानंतर परत, पावसाचं पाणी मिसळलं की तापमान नि प्रवाह दोन्ही फसवतात.

बबन_पुणेकर: आणि ड्रायरचा विचार कराच.