शब्दचर्चा : साथीची ‘लाट’ आणि उष्णतेची ‘लाट’

प्रश्न : महासाथ आणि हवामान बदल या दोन संकटांत शासन कसे वागले, यावर मी लेख लिहितो आहे. ‘कोरोनाची दुसरी लाट’ आणि ‘उष्णतेची लाट’ यांतली लाट एकच समजावी का?

उत्तर : माझ्या मते समजू नये. साथीची लाट रुग्णसंख्येच्या आलेखावरून ओळखली जाते आणि ती कधी ओसरली हे मागाहूनच कळते. उष्णतेची लाट ही मात्र हवामान खात्याची व्याख्या असलेली संज्ञा आहे. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर असून सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी वाढले, किंवा सरळ ४५ अंशांवर गेले, तर ती लाट. आपल्या नागपुरात मे महिन्याची सरासरीच एवढी चढी असते, की ४४ अंशांच्या दुपारी कूलरची टाकी दोनदा भरावी लागली, तरी कागदोपत्री त्या दिवशी लाट नसते.

शासनाच्या वागण्यातला फरकही या शब्दाशी जोडलेला आहे. साथीला ‘लाट’ म्हणणे शासनाच्या कामाला जुळणारे होते, कारण १८९७चा साथरोग अधिनियम आणि २००५चा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम हाताशी असल्याने लाट चढली की निर्बंध लावता आले आणि ओसरली की ते शिथिल करता आले. उष्णतेबाबतही आपण तसेच वागतो. उन्हाळ्यापुरता कृती आराखडा निघतो, पाणपोया लागतात, भर दुपारी चौकांतले सिग्नल बंद राहतात, आणि मृगाचा पाऊस पडला की विषय मागे पडतो. परंतु हवामान बदल ओसरत नाही, लाटेच्याच भाषेत सांगायचे तर त्यात पाण्याची पातळीच चढत जाते. भारताने २०२१ साली ग्लासगो येथील हवामान परिषदेत निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी (म्हणजे जेवढे हरितगृह वायू सोडले जातात तेवढेच शोषले जाण्यासाठी) २०७० हे वर्ष जाहीर केले. पन्नास वर्षांच्या अशा कामाला ‘लाट’ हा शब्द अपुरा पडतो. म्हणून साथीपुरती ‘लाट’ ठेवावी आणि दुसऱ्या संकटासाठी ‘तापमानवाढ’ लिहावे, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक उत्तर : वरील मताशी मी सहमत आहे. ‘टाळेबंदी’ हा शब्द पूर्वी कामगार चळवळीतला होता. मालकाने कारखान्याला कुलूप लावणे, एवढाच त्याचा अर्थ. मार्च २०२०मध्ये तो काही दिवसांत घरोघरी पोचला, कारण त्यामागे आदेश होता. ‘अनुकूलन’ (बदलत्या हवामानाशी जुळवून घेणे), ‘उपशमन’ (उत्सर्जन कमी करणे) हे हवामान बदलाचे शब्द मात्र अजून अहवालांतच आहेत. आमच्या घरी कुणी ‘लाट आली’ म्हणत नाही, ‘ऊन लागलं’ म्हणतात. बाहेर पडताना आई आजही डोक्याला दुपट्टा बांधायला लावते आणि खिशात कांदा ठेवते. लेखात शासकीय संज्ञेशेजारी ‘ऊन लागणे’ अवश्य यावे, कारण लाट जाहीर न झालेल्या दिवशीही रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाला ऊन लागते.